वाड्यात जुनी चकमकीची बंदूक सापडली? आधी गज टाका

भो, माळ्यावरून अशी गारगोटीच्या ठिणगीने उडणारी बंदूक काढली की पहिलं काम फोटोचं नाही. ती भरलेली तर नाही ना, ते बघायचं, कारण बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंड भिंतीकडे, घोड्याला, म्हणजे गारगोटी धरणाऱ्या खटक्याला, हात नाही. गज म्हणून लाकडी काठी नळीत हळूच शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी पेनाने खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. आतलं टोक रंजकच्या वाटीजवळच्या (जिथे पेटवायची चिमूटभर दारू ठेवत) बारीक भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत दारू-गोळी असू शकते, मग खिळा-तार काही घालू नका, तशीच ठेवा आणि पोलीस ठाण्याला फोन करा. रिकामी असली तरी विचारून घ्या, १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते ठरवणारे आपण नाही.

आता साफसफाई. पॉलिश पेपर, राख, चिंच काहीच नको!! आमच्या चुलतभावाने दिवाळीत लॉकची (घोडा बसतो त्या ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची) पट्टी घासून चकाचक केली आणि तिच्यावरचा पत्त्यातल्या बदामाचा छाप गेला, व्ही-ई-आय-सी अशी अक्षरं होती त्यात, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा माल. १८१८ ला खानदेश कंपनीकडे गेला, १८२५ ला धरणगावला कंपनीच्या आउट्रम साहेबाने भिल्ल पलटण उभी केली, त्यामुळे असा माल आपल्याकडे निघाला तर नवल नाही. सुती फडक्याने धूळ पुसा, लोखंडाला मशीन ऑइलचा नुसता हात फिरवा, शेंगदाणा तेल तर बिलकुल नको, चिकट थर बसतो. घोड्याच्या जबड्यात गारगोटीभोवती चामड्याचा तुकडा असेल तर तो फेकू नका, गारगोटी घट्ट बसावी म्हणूनच घालायचे.

आणि लॉकवरचं नाव वाचून कारागीर सापडला असं समजू नका. अठराव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात गेलेल्या बंदूकवाल्यांचंच बघा, जर्मनीतली आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक त्यांनी लांब आणि बारीक छिद्राची केली, शिसं कमी लागावं म्हणून. दस्ता तिथल्या मेपलचा, हाताने कोरलेला, पण लॉक बऱ्याचदा इंग्लंडहून आलेलं तयार. स्वतःचं नाव मात्र नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर. म्हणून नळीची वरची बाजू आधी बघा, टॉर्च आडवा धरून, अक्षरं सावलीत उठतात.