रूटचं दार लावताना दुसरी किल्ली खिशात आहे ना?

नागपुरात मे महिन्यात दुपारी एक वाजता सीताबर्डीहून हिंगणा एमआयडीसीला स्कूटरने जायची हौस असेल, तर हे वाचू नका. मी गेलोय, तोंडाला दुपट्टा बांधून. लिनक्स सर्व्हरवर रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचं, लॉगिन बंद केलं, एसएसएच (लांबून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) रीस्टार्ट केलं, खिडकी मिटली. आणि मग आठवलं, आत जायला दुसरं खातंच बनवलं नव्हतं. तिथे कन्सोलवर, म्हणजे मशीनलाच मॉनिटर-कीबोर्ड जोडून, काम दोन मिनिटांचं. धूळ खात पडलेला मॉनिटर शोधायलाच अर्धा तास गेला.

म्हणून आधी प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. उबंटू-डेबियनवर ते 'सुडो' गटात टाका, रेड हॅटच्या घराण्यात 'व्हील' गटात. या गटातल्यांना 'सुडो' कमांडने रूटचे अधिकार वापरता येतात. आम्ही चौघं एकाच रूटने शिरायचो. एका शनिवारी लॉगचं अख्खं फोल्डर उडालं. हिस्ट्रीत कमांड होती, नाव नव्हतं. चौघंही म्हणाले, ‘मी नाही बे!’ सुडो वापरलं की कुणी काय चालवलं ते नोंदलं जातं, उबंटूवर 'ऑथ' लॉगमध्ये, रेड हॅटवर 'सिक्युअर'मध्ये. मात्र 'सुडो सु' करून रूट शेलमध्ये, म्हणजे रूटच्याच कमांड-खिडकीत, बसलात, तर पुढच्या कमांडी त्यात येत नाहीत. आणि सुडो कुणाला वापरता येईल ते ठरवणारी सुडोअर्सची फाइल फक्त 'व्हिसुडो'नेच उघडा. चूक राहिली तर ते जतन करण्याआधी हटकतं.

मग किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी. ईडी25519 प्रकारची बनवा, पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, द्या. सर्व्हरवर 'डॉट एसएसएच' फोल्डरला 700 आणि जोडीतली सार्वजनिक किल्ली जिथे असते त्या आतल्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलला 600 परवानगी, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते. होम फोल्डर गटाला लिहिण्याजोगं राहिलं तरी किल्ली नाकारली जाते, आणि तुम्हाला कारण कळत नाही, नुसता पासवर्ड विचारला जातो.

आता एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमधली 'पर्मिट रूट लॉगिन' ही ओळ. एसएसएचचं नेहमीचं सॉफ्टवेअर ओपनएसएसएच, त्याच्या 2015 सालच्या 7.0 पासून डीफॉल्टच असं की रूटला पासवर्डने प्रवेश नाही, किल्लीने आहे. त्यामुळे ‘आपलं तर बंदच आहे’ असं गृहीत धरू नका, सरळ 'नो' लिहा. 'पासवर्ड ऑथेंटिकेशन'ही 'नो'. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट 22 बदलायचा तर बदला. लॉगमधला कचरा कमी होईल, बाकी फार काही नाही.

उबंटूवर इथे एक खोच आहे. 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात, आणि जी किंमत पहिली सापडते तीच लागू होते. क्लाउडच्या मशीनवर तिथे पासवर्ड चालू ठेवणारी एखादी फाइल बसलेली असू शकते. तुम्ही खाली कितीही 'नो' लिहा. म्हणून 'एसएसएचडी' या सर्व्हरच्या कमांडला लहान टी लावून व्याकरण तपासा, मोठा टी लावून खरोखर लागू असलेल्या किमती बघा. मगच रीलोड, म्हणजे नवी कॉन्फिग लागू.

रीलोडनंतर जुनी खिडकी मिटू नका, चालू सेशन तुटत नाही. दुसरी खिडकी उघडा, आपल्या खात्याने शिरा, सुडो चालवून बघा.

सर्व्हर लांब असेल तर मी रीलोडच्या आधी 'ॲट'ला (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) काम लावून ठेवतो: दहा मिनिटांनी जुनी कॉन्फिग परत ठेव, रीलोड कर. नवं लॉगिन जमलं की 'ॲटआरएम'ने ते रद्द. एकदा रद्द करायचं विसरलो, चहाला खाली गेलो. परत आलो तर रूट पुन्हा सताड उघडं.