तण पुन्हा पुन्हा का उगवतं? औषध उचलण्याआधी या चुका टाळा

पहिल्या पावसाची झड ओसरली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "ताई, वाफ्यांत लव्हाळा नुसता माजलाय. कुठलं औषध मारू?" मी त्यांना दुकानात जाण्याआधी बागेत जायला सांगते. खुरपं घ्या, एक रोप मातीच्या ढेकळासकट उकरा आणि खाली काय निघतं ते बघून मला सांगा. गाठ, काशी (म्हणजे जमिनीखालून पळणारा पेरांचा दांडा) की नुसतं सोटमूळ? तण पुन्हा कुठून उगवतं हे कळल्याशिवाय ते कशानं मरेल हे कुणालाच सांगता येणार नाही. साताऱ्याजवळच्या माझ्या चार गुंठ्यांच्या परसबागेत मी अकरा पावसाळे तणाशी झगडतेय. पैसा, वेळ आणि माती वाया घालवणाऱ्या बहुतेक चुका मी या एका घाईतून झालेल्या पाहिल्यात. त्यातल्या काही माझ्या स्वतःच्या आहेत.

सगळ्याच तणाला गवत समजणं

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा बोटांना लागतात. गवताच्या काडीवर पेरं असतात, लव्हाळ्याच्या दांड्यावर पेर सापडत नाही. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून पळते आणि पेरापेरातून मुळं सोडते. गाजर गवताचं सगळं बळ मात्र बियांत असतं. म्हणून लव्हाळ्याच्या गाठी संपवायच्या, हरळीच्या काशा वेचायच्या आणि गाजर गवताला बी धरू द्यायचं नाही. तिन्हींवर एकच उपाय शोधत बसलात तर एकही हटत नाही.

केना, घोळ, काटेमाठ ही हंगामी तणं फुलण्याआधी खुरपली की बहुतेक काम झालं. फक्त केना आणि घोळ उपटून ओल्या मातीत तशीच टाकू नका, दांड्याचे तुकडे पुन्हा मूळ धरतात. कोवळी घोळ तर सरळ भाजीला घ्यावी.

लव्हाळा नुसता उपटत राहणं

लव्हाळा हातानं ओढला की बुडाशी टचकन तुटतो. हातात हिरवा झुपका येतो, वाफा स्वच्छ दिसतो. आठवडा होत नाही तोच त्याच जागी हिरवे कोंब, आणि तेही आधीपेक्षा दाट. याचं कारण वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, अलगद उकरलं की दिसतं. झुपक्याच्या बुडाशी एक लहान कंद असतो. त्यातून सुतळीपेक्षा बारीक, पण चिवट असा तपकिरी धागा निघतो आणि दोन-चार इंचांवर हरभऱ्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या काळपट गाठीला मिळतो. तिथून पुढचा धागा, पुढची गाठ. गाठ नखानं फोडली तर आत पांढरट गर आणि औषधी वास, कारण आयुर्वेदातला मोथा तो हाच. या माळेत वरच्या गाठीचा कोंब जोरात वाढत असतो तोवर बाकीच्या बऱ्याच गाठी निजून राहतात. माळ तुटली की एकेक गाठ सुटी होते आणि प्रत्येकीचं वेगळं रोप उभं राहतं.

सहा वर्षांपूर्वी जुलैत मी ओल्या वाफ्यात पॉवर टिलर फिरवून घेतला. खुरपणीची मजुरी वाचेल एवढाच हिशेब केला होता. पात्यांनी माळा तोडल्या, गाठी वाफाभर पसरल्या आणि पात्यांना चिकटलेल्या चिखलाबरोबर शेजारच्या वांग्याच्या वाफ्यातही गेल्या. तिथं त्याआधी लव्हाळा औषधालाही नव्हता. यंत्र फिरवायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये, माती कोरडीठाक असताना फिरवा आणि वर आलेल्या गाठी उन्हात पडू द्या. गाठीचा जीव तिच्या ओलाव्यात असतो, कडक वाळलेली गाठ उगवत नाही. आपल्याकडची उन्हाळी नांगरट याच कामाची आहे.

लहान बागेत हातानं खणण्याला मला तरी पर्याय दिसलेला नाही. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटर मातीत असतात. वाफसा बघून कुदळीनं तेवढी माती उलटायची, ढेकळं फोडून वाळूच्या चाळणीतून काढायची आणि गाठी बादलीत जमा करायच्या. त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. पत्र्यावर पसरून भर उन्हात वाळवा, पावसाचे दिवस असतील तर चुलीत घाला.

त्यानंतर खरं काम सुरू होतं. राहिलेल्या गाठींतून कोंब येणारच. कोंब वर ढकलताना गाठ आपला साठा खर्च करते, आणि तीन-चार आठवड्यांत नवीन गाठी धरायला लागते. त्यामुळे दर दोन-अडीच आठवड्यांनी खुरपं खोल घालून कोंब बुडातून काढायचा. एखादी फेरी राहिली की साठा पुन्हा भरतो. पहिल्या पावसाळ्यात मी आठ फेऱ्या केल्या, दुसऱ्या वर्षी चार पुरल्या. तिसऱ्या वर्षी तो फक्त कुंपणाच्या कडेला उरला होता. वर्षभरात बाग लव्हाळामुक्त करून देतो असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

लव्हाळ्याची एक कमजोरी लक्षात ठेवा, त्याला सावली सोसत नाही. रिकाम्या वाफ्यात ताग दाट पेरा आणि दीड महिन्यानं फुलोऱ्यावर आला की मातीत गाडा. तण दबतं आणि हिरवळीचं खत मिळतं ते वेगळंच. पण साधा काळा मल्चिंग पेपर, म्हणजे वाफा झाकायचं पातळ प्लॅस्टिक, अंथरून निर्धास्त राहू नका. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, ते पातळ कागद भोसकून वर येतं. जाड विणीची तणरोधक चटई त्यापेक्षा बरी टिकते.

हरळीच्या काशा बांधावर फेकणं

काशा खणून काढतात आणि ढीग बांधावर टाकून मोकळे होतात. पाऊस पडला की ढिगाखालची पेरं मूळ धरतात आणि हरळी बांधावरून पुन्हा वाफ्यात उतरते. काशा उन्हात वाळवा, हातात मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. मोकळ्या वाफ्यात उन्हाची भट्टीही लावता येते. माती भिजवायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीत गाडायच्या आणि एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. इथं बरेच जण काळा कागद घेतात. काळ्या कागदाखाली तण उजेडावाचून दबतं हे खरं, पण माती तापवायला पारदर्शकच हवा, कारण ऊन आत जाऊन मातीत मुरायला पाहिजे. यानं वरच्या थरातलं बी आणि वरवरची हरळी चांगली भाजून निघते. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाचतात, त्यासाठी यावर भिस्त ठेवू नका.

गणपतीसाठी लागणारी दूर्वा म्हणजे हीच हरळी. ती मी वेगळ्या कुंडीत ठेवते, तीही फरशीवर, मातीवर नाही.

गाजर गवत फुलल्यावर जाग येणं

भारतात हे तण पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५५ च्या सुमारास, पुण्यात. एका झाडावर पंधरा ते पंचवीस हजार बिया धरू शकतात, त्यामुळे पांढरी फुलं दिसल्यावर उपटायला गेलात तर उपटताना बी तुम्हीच पेरता. फुलण्याआधी, पावसानं माती मऊ असताना, मुळासकट काढा. विळ्यानं कापू नका, बुडातून पुन्हा फुटवे येतात. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच. अंगावर खाजरे चट्टे उठणं आणि दम्याचा त्रास बळावणं या दोन्ही गोष्टी या झाडानं होतात. ज्याला एकदा त्रास झालाय त्यानं हे काम दुसऱ्याला द्यावं. फुलण्याआधीचं गाजर गवत कंपोस्टला चालतं, फुललेलं नाही.

पावसाळ्यात पानांवर करड्या-पांढरट रंगाचे, तपकिरी नागमोडी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, १९८४ मध्ये बंगळुरूला गाजर गवत खाण्यासाठीच सोडलेले.

मीठ, व्हिनेगर आणि साबण

मोबाइलवर फिरणारा हा नुस्खा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरनं पानं करपतात आणि दुसऱ्या दिवशी उपाय लागू पडल्यासारखं वाटतं. गाठ आणि काशी जिवंतच असतात. मीठ मात्र मातीत राहतं. आपल्या काळ्या मातीत सोडियम वाढलं की ती चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड झालेली जमीन पुन्हा पिकती करायला शेतकऱ्यांना काय खर्च येतो ते एकदा विचारा. ती माती आपण बागेत हातानं तयार करू नये. फरशीच्या फटीतलं तण काढायचं असेल तर उकळतं पाणी पुरतं, कोवळ्या तणावर दोन-तीनदा ओता.

तणनाशकाची घाई

तणनाशक कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. पण कुठलं तणनाशक काय करतं हे माहीत नसताना पंप पाठीवर घेऊ नये. पॅराक्वाट लागलेलं पान तेवढं जाळतं, मूळ वाचतं. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, म्हणून घराच्या बागेत ते नकोच. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांसाठी आहे, हरळीला त्यानं काही होत नाही. हॅलोसल्फ्युरॉन लव्हाळ्यावर चालतं, पण ते ऊस-मक्याचं औषध आहे. गावाकडून उरलेली पुडी आणून मिरची-टोमॅटोत मारू नका.

ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत उतरतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकांपुरता ठेवला. मोकळा प्लॉट त्यांच्याकडून करून घेत असाल तर एवढं बघा. फवारणीआधी तण कापू नका, औषध शोषायला हिरवं, वाढतं पान लागतं. पाणी निवळ हवं, कारण गाळाचे कण औषध धरून ठेवतात आणि ते निकामी होतं. पुढचे निदान सहा तास पाऊस नको. वारा असेल तर दिवस बदला. आठ-दहा दिवस पान पिवळं पडेपर्यंत उकरू नका, दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून पुन्हा फवारू नका. मातीतल्या बियांवर याचा परिणाम होत नाही, पुढच्या पावसानंतर नवं तण येणारच.

आणि पंप वेगळा ठेवा. एकदा मी बुरशीनाशक फवारायला एका माणसाला त्याच्या पंपासकट बोलावलं. त्या पंपानं आदल्या आठवड्यात उसात टू-फोर-डी मारलेलं होतं. पंप नुसता पाण्यानं खळखळून घेतला होता. चार दिवसांत टोमॅटोचे शेंडे पिळवटले, नवी पानं दोरीसारखी अरुंद झाली, देठ खाली वळले. चाळीस रोपं मला उपटून टाकावी लागली. तेव्हापासून माझ्या बागेत दुसऱ्याचा पंप येत नाही.

तण विकत आणणं

अर्धकच्चं शेणखत आणि कुठल्याही प्लॉटवरून आलेली लाल माती यांतून तण घरपोच येतं. शेणखत पूर्ण कुजलेलं, हातात भुसभुशीत लागणारं आणि शेणाचा वास न येणारं घ्या. आणलेली माती थोडी ट्रेमध्ये भिजवून दोन आठवडे ठेवली तर त्यात काय दडलंय ते उगवून दिसतं. नर्सरीतल्या पिशव्यांमध्ये लव्हाळा आणि आंबुशी हमखास असते. आंबुशीच्या पिकल्या शेंगेला हात लागला की बी लांबवर उडतं, म्हणून ती फुलात असतानाच काढा. रोप घेताना मी पिशवीच्या कडेची माती बोटानं उकरून बघते. तीन कडांचा कोंब दिसला की रोप कितीही आवडलेलं असो, मी ते तिथंच ठेवून येते.