अपूर्णांकांचा गुणाकार मुलांना चित्रातून कसा शिकवावा

अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने गुणा, झालं. बेरजेसारखी छेद समान करण्याची कटकट नाही, म्हणून हा धडा बहुतेक ठिकाणी पटकन उरकला जातो. महिनाभराने तेच मूल गुणाकारातही छेद समान करत बसतं, किंवा १/२ × १/४ चं उत्तर १/८ आलं की 'एवढं लहान कसं?' म्हणून खोडून टाकतं. आजवर गुणलं की संख्या वाढायची, इथे घटली. ती का घटली हे सूत्रातून कळत नाही, चित्रातून कळतं. तेव्हा सूत्र मागे ठेवा. रद्दी कागद, दोन रंगांचे खडू आणि चौकटींची वही एवढं साहित्य पुरे.

पायरी १. पूर्ण संख्या × अपूर्णांक

पाव लिटरच्या तीन पिशव्या, दूध किती? 'पाऊण लिटर' हे उत्तर मुलं लगेच देतात. आता कागदी पट्टीचे चार सारखे भाग करून तीन रंगवा आणि शेजारी ३ × १/४ = ३/४ लिहा. काही जण छेदालाही तीनने गुणून ३/१२ लिहितील. त्याच मापाच्या पट्टीचे बारा भाग करून त्यांना तीन रंगवायला सांगा. रंग पावापर्यंतच पोचतो. तीन पिशव्या आणून दूध पावच लिटर कसं, ते त्यांनाच सांगू द्या.

पायरी २. अपूर्णांक × पूर्ण संख्या

बारा चिंचोके घ्या, चार सारखे ढीग करा, तीन ढीग उचला. ३/४ × १२ = ९. यापुढे गुणिलेचं चिन्ह 'चा' असं वाचायची सवय लावा: बाराचा तीन चतुर्थांश.

पायरी ३. घडी

आता १/२ × १/३, म्हणजे एक तृतीयांशाचा अर्धा. कागदाला उभ्या घड्या घालून तीन सारख्या पट्ट्या करा, एक रंगवा. मग आडवी घडी घालून कागद निम्मा करा. उलगडल्यावर रंगीत पट्टीच्या अर्ध्या भागावर दुसरा रंग चढवा आणि विचारा, दोन्ही रंगांचा हा तुकडा अख्ख्या कागदाचा कितवा भाग?

खरी अडचण इथेच येते. 'अर्धा' म्हणणारं मूल रंगीत पट्टीलाच पूर्ण धरतं. 'पाव' म्हणणारं मूल दोन अर्धुकं आणि दोन कोऱ्या पट्ट्या असे चार तुकडे मोजतं, ते लहानमोठे आहेत हे विसरून. घाईने दुरुस्त करू नका. आडव्या घडीची रेघ कोऱ्या पट्ट्यांवरूनही पेन्सिलीने ओढायला लावा. सहा सारखे तुकडे समोर आले की १/६ ते स्वतःच म्हणतात.

भाकरी-पोळीची गोल चित्रं पाव-अर्धा शिकवायला छान, पण गुणाकाराला गैरसोयीची. वर्तुळावर उभ्या-आडव्या रेघा मारून सारखे भाग होत नाहीत. इथे आयतच हवा.

पायरी ४. चौकटींची वही

२/३ × ३/४ साठी चार चौकटी रुंद, तीन चौकटी उंच असा आयत काढा. चारपैकी तीन उभे रकाने एका रंगाने भरा. मग तीनपैकी दोन आडव्या ओळींवर दुसरा रंग. एकूण चौकटी १२, दुहेरी रंगाच्या ६, म्हणजे निम्मा आयत. अशी चार-पाच गणितं झाली की विचारा, चौकटी न मोजता उत्तर सांगता येईल का? एकूण चौकटी म्हणजे छेदांचा गुणाकार, दुहेरी रंगाच्या म्हणजे अंशांचा. सूत्र मुलांच्याच तोंडून येऊ द्या.

पायरी ५. दीड × दीड

दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ असलेले आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना विचारा, ते क्षणात 'सव्वादोन' म्हणतील. मुलं मात्र एकाला एकाने, अर्ध्याला अर्ध्याने गुणून सव्वा लिहितात. वहीत दीड बाय दीडचा चौरस काढा आणि दोन्ही बाजूंवर जिथे एक संपतो तिथून रेघ मारा. चार तुकडे पडतात: एक पूर्ण, दोन अर्धे, एक पाव. सव्वा लिहिणाऱ्याने दोन्ही अर्धे मोजलेलेच नसतात. बोटाने दाखवायला सांगा.

सगळं जमलं की शेवटी ३/४ × ५/४ द्या, पण आधी अंदाज विचारा. पाव कमी आणि पाव जास्त, म्हणजे फिट्टंफाट, उत्तर १, असं बरेच जण म्हणतील. मग चार बाय चार चौकटींचा एक 'पूर्ण' काढून त्यावर पाच रुंद, तीन उंच असा आयत ठेवायला सांगा. बाहेर आलेल्या तीन चौकटी उचलून रिकाम्या ओळीत बसवल्या, तरी त्या ओळीतली एक चौकट रिकामीच राहते. उत्तर १५/१६.