फुटबॉल रिक्रूट जोखताय? मग या चुका टाळा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडला की टेक्सासात हायस्कूल फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळायचा तो नव्हे) हंगाम सुरू होतो, आणि स्काउटिंग, म्हणजे कॉलेजांसाठी खेळाडू हेरणं, शिकायला आलेल्या तरुणांचे पहिले अहवाल माझ्या टेबलावर येऊन पडतात. चौदा वर्षं मी डॅलसच्या उत्तरेला राहून हे काम करतोय. हायस्कूलच्या पोरांच्या फिल्म बघायच्या, शुक्रवारी रात्री मैदानाच्या कठड्याला टेकून उभं राहायचं, आणि छोट्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना सांगायचं की कोणाच्या घरी जायला हवं. या काळात अहवाल लिहिणारे बदलले, अहवालांतल्या चुका मात्र त्याच राहिल्या. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पोराच्या नावापुढचे तारे, म्हणजे रँक लावणाऱ्या संस्थांनी दिलेले जास्तीत जास्त पाच, हे भाकीत असतं. अमेरिकेत दर वर्षी १० लाखांच्या आसपास मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यातून २४७स्पोर्ट्ससारखी संस्था एका वर्गातल्या, म्हणजे एकाच वर्षी हायस्कूल संपवणाऱ्या, साधारण ३२ जणांना पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. म्हणजे पाच तारे देणारा माणूस सांगतोय की हा सतरा वर्षांचा मुलगा तीन-चार वर्षांनी देशातल्या पहिल्या बत्तिसांत असेल. तुम्ही रँक लावता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे आजचा मुलगा असतो, पण लिहायचं असतं वीस-एकवीस वर्षांच्या माणसाबद्दल. हे विसरलं की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात.

हायलाइट बघून अहवाल लिहिणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली, म्हणून सविस्तर सांगतो.

२०१५ चा हंगाम. पूर्व टेक्सासातल्या एका शाळेचा डिफेन्सिव्ह एंड माझ्या यादीत आला. डिफेन्सिव्ह एंड म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहून समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, गाठायला धावणारा गडी. पोराची हायलाइट फिल्म साडेचार मिनिटांची होती. ३१ तुकडे, त्यात नऊ वेळा क्वार्टरबॅक पाठीवर. पहिलं पाऊल असं की त्याला अडवणारा समोरचा टॅकल अजून वाकलेलाच असायचा आणि हा त्याच्या मागे पोचलेला. मी त्याच रात्री अहवाल लिहिला, ‘ताबडतोब बघा’. एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून मुलाला शिष्यवृत्तीची ऑफर दिली.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. “जिल्ह्यातल्या त्या सगळ्यात तगड्या संघाविरुद्धचा त्याचा सामना तू बघितलास का?” मी बघितला नव्हता. त्या रात्री शाळेच्या प्रशिक्षकांकडून पूर्ण सामना मागवला आणि बसलो. बचावाचे ५८ स्नॅप, म्हणजे डाव. पहिले चार-पाच जोरात, मग पोरगा सरळ उभा राहायला लागला. सरळ उभा राहिलेला एंड म्हणजे उघडं दार. समोरच्या संघाला ते दुसऱ्या क्वार्टरमध्येच कळलं आणि त्यांनी धावण्याचे डाव त्याच्याच अंगावर टाकायला सुरुवात केली. चौथ्या क्वार्टरमध्ये तो कमरेवर हात ठेवून डाव संपायची वाट बघत होता. एकदाही तो क्वार्टरबॅकपर्यंत पोचला नाही.

मग मी हायलाइट पुन्हा लावली आणि पहिल्यांदा समोरच्यांच्या जर्सीचे रंग मोजले. ३१ पैकी २२ तुकडे दोनच रंगांविरुद्धचे होते, एक हिरवा आणि एक मरून. त्या दोन्ही संघांनी मिळून त्या हंगामात एकच सामना जिंकला होता. तगड्या संघाविरुद्धचा एकही तुकडा त्या फिल्ममध्ये नव्हता. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, कारण मला ते पाऊल आवडलं होतं.

ऑफर मागे घेतली गेली. हायस्कूलच्या मुलाला दिलेली तोंडी ऑफर कोणालाच बंधनकारक नसते, त्यामुळे नियम कुठे मोडला नाही. पण त्या पोराने ती बातमी आजीला सांगितली होती, चर्चमध्ये सांगितली होती. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनी मला हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मुलाने काही खोटं केलं नव्हतं. आपले चांगले डाव जोडून दाखवणं हे त्याचं कामच आहे. उरलेलं बघणं माझं काम होतं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. हायलाइट फक्त ‘पूर्ण सामने मागवायचे की नाही’ एवढंच ठरवायला बघायची, आवाज बंद करून, रंग मोजत. मग तीन पूर्ण सामने. एक सगळ्यात बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक मोठ्या फरकाने हरलेला आणि एक नोव्हेंबरातला, जेव्हा अंग दुखत असतं. सुरुवात चौथ्या क्वार्टरपासून. त्यातही जे डाव त्याच्या बाजूला आलेच नाहीत ते आधी. बहुतेक शाळांच्या फिल्म आता हडल या व्हिडिओ साइटवर असतात, आणि प्रशिक्षकांना नीट विचारलं तर पूर्ण सामना मिळतो. मागायची लाज किंवा कंटाळा, एवढीच अडचण असते.

डॅलसजवळच्या रिचर्डसनमध्ये डेटा सायन्स शिकायला आलेला पुण्याचा एक मुलगा गेल्या वर्षी माझ्याबरोबर काम करत होता. हुशार पोरगा. एका सोमवारी मला म्हणाला, “काका, शनिवार-रविवारात चाळीस मुलं संपवली.” मी त्याला एकच विचारलं, त्यांतल्या कोणाचा डावा पाय आधी उचलला जातो ते सांग. एकाचंही सांगता आलं नाही. चाळीस मुलं दोन दिवसांत ‘संपत’ नाहीत. एका मुलाला मला अडीच-तीन तास लागतात, आणि ते कमी करण्याचा मार्ग मला सापडलेला नाही. शोधायची इच्छाही नाही.

सांगितलेलं माप खरं मानणं

संघाच्या छापील यादीत सहा फूट तीन इंच लिहिलेला मुलगा टेप लावल्यावर सहा फूट एक इंच भरतो. हे इतक्या वेळा झालंय की यादीतल्या आकड्यातून मी आधीच दीड इंच मनात वजा करतो आणि मग प्रत्यक्ष मोजायला जातो. स्काउट लोक उंची चार आकड्यांत लिहितात. ६०१३ म्हणजे सहा फूट, एक इंच आणि वर तीन अष्टमांश. इंचाचा आठवा भागही लिहायची पद्धत ज्या धंद्यात आहे, तिथे ‘अंदाजे सहा-तीन’ असं लिहिलेला अहवाल मी परत पाठवतो.

टेप खिशात ठेवा. उंचीबरोबर हाताची लांबी आणि पंजाही मोजा. ऑफेन्सिव्ह टॅकलच्या बाबतीत हात ३३ इंचांच्या पुढे आहेत की नाहीत यावर तो कॉलेजात रांगेच्या बाहेरच्या जागेवर राहणार की आतल्या गार्डच्या जागेवर सरकणार हे बऱ्याचदा ठरतं. मोजता येत नसेल तर मुलाचा दाराजवळ उभा असलेला फोटो शोधा. इथल्या घरांतली आतली दारं सहसा ८० इंच उंच असतात. वर किती जागा उरते ते बघितलं की खोटी उंची लगेच कळते.

मी सांगलीकडचा, शाळेत किशोर गटात कबड्डी खेळलो. त्या गटाला वजनाची अट असते, त्यामुळे सामन्याच्या सकाळी काट्यावर उभं राहिल्याशिवाय कोणी मैदानात उतरत नसे. गुरुजींचा शब्दही चालत नसे, काटाच बोलायचा. इथे लाखो डॉलरचे निर्णय होतात आणि काटा मुलाच्या मामाच्या तोंडात असतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

४० यार्डांच्या वेळेचंही तेच. स्टॉपवॉच धरणारा माणूस धावक हलल्याचं बघून बटण दाबतो, म्हणजे सुरुवात उशिरा पकडतो आणि वेळ कमी येते. इलेक्ट्रॉनिक मोजणीच्या तुलनेत साधारण दोन दशांश सेकंदांचा फरक पडतो, आणि कॉर्नरबॅकसाठी, म्हणजे झेलणाऱ्याच्या मागे धावणाऱ्या बचावपटूसाठी, दोन दशांश म्हणजे दुसराच खेळाडू. मी ४० यार्डांच्या वेळा अहवालात लिहीतच नाही. मुलगा ट्रॅकवर धावतो का ते बघतो. १०० मीटरची इलेक्ट्रॉनिक वेळ आणि पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरच्या आत असल्याची नोंद, एवढं मिळालं की वाद संपतो. धावत नसेल तर तसं लिहितो.

पद्धत न बघता आकडे वाचणं

क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, टेनेसी टायटन्स. हाच मुलगा ह्यूस्टनच्या दक्षिणेला वेस्ट कोलंबियाच्या शाळेत होता तेव्हा त्याला एकही तारा नव्हता. कारण शाळेचा संघ विंग-टी खेळायचा, ज्यात चेंडू बहुतेक वेळा हातात घेऊन धावतात आणि क्वार्टरबॅक क्वचित फेकतो. फेकलेच नाहीत तर यार्ड कुठून येणार? सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाने त्याला शिबिरात चेंडू फेकताना बघितलं आणि घेतलं. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. टेक्सासातल्या आम्हा सगळ्यांच्या दारातला मुलगा होता तो.

म्हणून क्वार्टरबॅकच्या यार्डांचा आकडा लिहिण्याआधी त्याच्या संघाची पद्धत एका वाक्यात लिहा. उलट बाजूही तितकीच खरी. दर सामन्यात पन्नास वेळा फेकणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक ४,००० यार्ड करतो, आणि त्यांतले निम्मे यार्ड झेलणाऱ्याच्या पायांचे असतात.

अशा गोष्टी ऐकल्या की नवे लोक दुसऱ्या टोकाला जातात. पुढे एनएफएल गाजवलेल्या जॉश ॲलनला फायरबॉ या त्याच्या गावातल्या शाळेत असताना मोठ्या कॉलेजची एकही ऑफर नव्हती, तसंच गाजलेल्या जे. जे. वॉटला दोन तारे होते, मग तारे म्हणजे थोतांडच! असं म्हणणाऱ्याने हिशोब केलेला नसतो. पाच तारेवाले वर्गात बत्तीस, तीन तारेवाले हजारांनी. संख्येने तीन तारेवाले एनएफएलमध्ये जास्त दिसणारच. शेकडा प्रमाण काढा, पाच तारेवाले कितीतरी पुढे असतात. गेल्या दीड दशकातल्या बहुतेक राष्ट्रीय विजेत्या संघांत निम्म्याहून जास्त भरती चार-पाच ताऱ्यांची होती. अपवादांवरून शिकावं, अपवादांवर पैज लावू नये.

ऑफरींची यादी हाच पुरावा समजणं

मुलाने स्वतः समाजमाध्यमांवर टाकलेली ऑफर ही ऑफर असतेच असं नाही. शिबिरात प्रशिक्षक पाठीवर थाप मारून ‘आम्हाला तू आवडलास’ म्हणतो आणि घरी पोचेपर्यंत त्याची ऑफर होते. मी एकच प्रश्न विचारतो, ‘आज हो म्हणालास तर ते घेतील का?’ उत्तर येईपर्यंत रकाना कोरा.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. २९ ऑगस्ट २०२१ ला ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीविरुद्ध बिशप सिकामोर नावाचा ओहायोतला संघ उतरला. आमच्याकडे मोठ्या कॉलेजांना हवे असलेले बरेच खेळाडू आहेत असं त्यांनी सांगितलं होतं. सामना ५८-० संपला, आणि चालू सामन्यातच समालोचकांना सांगावं लागलं की ती नावं कुठल्याच यादीत सापडत नाहीत. तो संघ दोन दिवसांपूर्वीच दुसरा सामना खेळून आला होता. थकलेल्या मुलांपैकी कोणाला दुखापत झाली असती तर? यादी तपासायला एक फोन पुरला असता.

थोडक्यात आणखी काही

सेव्हन-ऑन-सेव्हन, म्हणजे सात-सात जणांचे सामने, बघून क्वार्टरबॅकला रँक देऊ नका. तिथे लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले धिप्पाड गडी, नसतात, अंगावर कोणी येत नाही.

जन्मतारीख विचारा. एकाच वर्गात सतरा आणि एकोणीस वर्षांची मुलं असतात, आणि त्या वयात दोन वर्षं म्हणजे वीस पौंड.

२१० वा आणि २४० वा यांत फरक नाही. गट पाडा, गटाच्या आत भांडू नका.

लाइनमन कुस्ती किंवा बास्केटबॉल खेळत असेल तर तो सामना बघायला जाच. पायांबद्दल तिथे जास्त कळतं.

गुणपत्रिका मागा. डिव्हिजन १, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वोच्च पातळीसाठी, १६ मुख्य विषय आणि त्यांत २.३ सरासरी लागते, आणि १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. जानेवारीत कळून उपयोग नाही.

२०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं आणि २०२५ पासून ८५ शिष्यवृत्तींची जुनी मर्यादा जाऊन १०५ खेळाडूंची मर्यादा आली. प्रशिक्षकाला आता तयार बावीस वर्षांचा गडी मिळतो. ‘तीन वर्षांनी चमकेल’ एवढंच लिहून पाठवाल तर तो मुलगा कोणी घेणार नाही. पहिल्या वर्षी स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या डावांत उतरणाऱ्या गटांत, तो काय करू शकेल तेही लिहा.

आपलाच जुना अहवाल न उघडणं

एप्रिलात ड्राफ्ट झाला की मी चार-पाच वर्षांपूर्वीचे माझे अहवाल काढतो आणि प्रत्येकापुढे लाल शाईने लिहितो की मुलगा आज कुठे आहे. पूर्ण दिवस जातो. तरुणांना सांगितलं की ते ‘नंतर करू’ म्हणतात, आणि करत नाहीत. मला या लाल शाईतूनच कळलं की मोठ्या उपनगरी शाळांच्या कॉर्नरबॅकना मी सातत्याने जास्त गुण देत होतो आणि २ए, ३ए या, कमी विद्यार्थी असलेल्या शाळांच्या गटांतल्या छोट्या गावांच्या लाइनमनना कमी, कारण त्यांच्या फिल्म एकाच कॅमेऱ्याच्या आणि अंधारलेल्या असतात. तेव्हापासून ऑक्टोबरातले दोन शुक्रवार मी मोठी स्टेडियमं सोडतो आणि पश्चिमेला दोन-अडीच तास गाडी चालवत अशाच एखाद्या गावी जातो. सराव सुरू व्हायच्या आधी पोचतो, म्हणजे टेप लावायला वेळ मिळतो.