दुरुस्तीनंतर गाडी सुरू होत नाही? आधी स्वतःचंच काम तपासा

कामाआधी गाडी सुरू होत होती आणि आता होत नाही, म्हणजे दोष बहुतेक वेळा तुमचा हात जिथे लागला तिथेच असतो. किंवा तिथपर्यंत पोहोचायला वाटेतलं जे काढून बाजूला ठेवलं, त्यात. म्हणून सेन्सर, पंप, बॅटरी असं काहीही विकत आणण्याआधी काय काय सोडवलं ते उलट्या क्रमाने आठवा आणि प्रत्येक कपलर (वायरींना जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग), पाइप, बोल्ट हाताने चाचपा. लॉक बसल्याचा 'टक' आवाज आला नसेल तर कपलर बसलेला दिसत असूनही आत पिन टेकलेली नसते.

मग चावी फिरवा आणि कान द्या. पुढची दिशा आवाजावरूनच ठरते.

सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) फिरतच नसेल किंवा नुसती टकटक होत असेल, तर बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. दार आणि बॉनेट उघडं ठेवून दिवसभर काम केलं की आतल्या दिव्यांनीच बॅटरी उतरते. बॅटरी चांगली असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी आणि इंजिनशी असलेली जोडणी, बघा. गिअरबॉक्स किंवा इंजिन माउंटिंगच्या कामानंतर बॉडी आणि इंजिनमधली अर्थिंगची पट्टी लावायची राहते, किंवा रंगावर, गंजावर आवळली जाते. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि लाल तार इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. मीटर ठीक दाखवत असेल तर सेल्फची बारीक सिग्नल वायर, फ्यूज, रिले आणि क्लच पेडलचा स्विच बघा. ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलवर घेऊन पाहा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तेव्हा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, बघा. शून्यच राहिलं तर दोष क्रँक सेन्सर (इंजिनच्या मुख्य दांड्याचं फिरणं मोजणारा सेन्सर) किंवा त्याच्या कपलरमध्ये आहे असं धरा. कोड बहुधा पी0335 येतो. क्लचच्या कामात हा सेन्सर किंवा त्याची वायर सहज दुखावते. आरपीएम दिसत असेल तर इंधनाकडे वळा: बऱ्याच पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले आणि टाकीवरचा कपलर तपासा. स्पार्क प्लगचं काम केलं असेल तर कॉइलचे (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) कपलर किंवा वायरी अदलाबदल झाल्यात का बघा. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असतं. क्रम चुकला की इनटेकमधून (हवा आत घेणाऱ्या वाटेतून) फटाके वाजतात. प्लग पेट्रोलने ओले झाले असतील तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत त्यामुळे इंधन तोडलं जातं.

डिझेलमध्ये फिल्टर बदलल्यावर लाइनने एअर धरणं (इंधनाच्या पाइपात हवा अडकणं) नेहमीचंच. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. मात्र कॉमन रेलचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीचा) हाय प्रेशर पाइप सैल करून एअर काढायला जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

टायमिंग बेल्टचं (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्याचं) काम झालं असेल आणि सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा, एकसुरी आणि दम नसल्यासारखा वाटत असेल, तर त्या क्षणी चावी सोडा. त्याचा अर्थ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) मिळत नसावं. बेल्टचे एक-दोन दात चुकले तरी इंजिन नीट पकडेलच असं नाही, आणि बऱ्याच इंजिनांत जास्त चुकले तर पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. इथे 'अजून एकदा बघू' म्हणणं सगळ्यात महाग पडतं. कव्हर आणि प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. पुल्यांवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. मध्ये कडक अडलं तर जोर लावू नका.

सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर एअर फिल्टरनंतरच्या पाइपचा क्लॅम्प, सुटलेला व्हॅक्यूम पाइप आणि एअरफ्लो सेन्सरचा (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) कपलर बघा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर दोष इमोबिलायझरकडे (चावी ओळखून इंजिन सुरू होऊ देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेकडे) असू शकतो. दुसरी चावी वापरून पाहा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा. तो तापून जळतो. पेट्रोल गाडीत न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात) साचतं ते वेगळंच. इंजिन सुरू झालं की बॉनेट उघडंच ठेवून खाली इंधन, कूलंट किंवा ऑइल गळतंय का ते आधी बघा, मग स्कॅनरने दोषाचे कोड पुसा.