बडोद्यातला बोलका तास: श्रोत्याचा फोन हवेवर कसा घ्यावा

वाडी भागात नळाला गढूळ पाणी येतंय, समा रोडला रात्री दिवे लागत नाहीत, दांडिया बाजारात खड्डा तसाच आहे. बडोदेकर स्थानिक रेडिओला फोन करतो तो अशाच गोष्टींसाठी. तो फोन नीट घेतला तर शेजारच्या दहा घरांच्या कामाचा ठरतो, नाहीतर तीन मिनिटांचा त्रागा हवेत विरून जातो. सामुदायिक रेडिओवर, म्हणजे आपल्या परिसरापुरत्या छोट्या केंद्रावर, 'बोलका तास' हा श्रोत्यांचे फोन घेणारा तासाभराचा मराठी कार्यक्रम चालवायला किमान तिघं लागतात: एक निवेदक, एक फोन उचलणारा, एक मिक्सरवर (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर). चौथा मिळाला तर त्याला फक्त पाठपुराव्याचं काम द्या. निवेदकानेच फोन उचलायचा, हा प्रकार पहिल्याच आठवड्यात कोलमडतो.

आधी परवान्याची चौकट

२००६ च्या धोरणानुसार सामुदायिक रेडिओला बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र मात्र जसंच्या तसं घेता येतं. वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि प्रवेश, रोजगार, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या आरोग्यविषयक सूचना यांना बातमी धरत नाहीत. बोलका तास या यादीतच बसवायचा. ती जागा वाटते त्यापेक्षा खूप मोठी आहे, कारण माणसाचा रोजचा दिवस याच गोष्टींत जातो.

फोनवर कुणी म्हणालं, "आमचा नगरसेवक झोपलाय," तर वाद घालू नका आणि दुजोराही देऊ नका. लगेच विचारा: "काम कोणतं? कधीपासून अडलंय? तक्रार कुठे दिलीत?" पालिकेत १९ वॉर्ड आणि ७६ नगरसेवक आहेत, म्हणजे वॉर्डाला चौघं. फोन करणाऱ्याला बरेचदा चौघांतला एकच ठाऊक असतो आणि राग त्याच्यावर निघतो. संभाषण माणसावरून कामावर आलं की त्यातून ऐकणाऱ्यांच्याही उपयोगाचं काहीतरी निघतं. पक्षाचं नाव, प्रचार किंवा "यांना मत द्या" असं काही आलं तर फोन तिथेच थांबवा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत तर थेट फोन घेऊच नका, त्या दोन दिवसांचं सगळं आधी रेकॉर्ड करून ठेवा.

फोनची जोडणी

फोन करणाऱ्याला स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं ऐकू गेलं पाहिजे. याला मिक्स-मायनस म्हणतात, आणि नव्या स्टुडिओत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मिक्सरचं मुख्य आउटपुट थेट फोनला जोडलं की बोलणाऱ्याला त्याचाच आवाज क्षणभर उशिराने परत ऐकू येतो. तो अडखळतो, "हॅलो, हॅलो" करत बसतो आणि सगळ्यांना वाटतं की नेटवर्क खराब आहे.

जोडणी अशी करा. फोनचा आवाज मिक्सरच्या एका चॅनेलवर आणा. फोनकडे परत जाणारा आवाज ऑक्स सेंडमधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या जोड-आउटपुटमधून, पाठवा. निवेदक आणि पाहुणे यांच्या चॅनेलवर ऑक्सचं बटण वर ठेवा, फोनच्या चॅनेलवर ते पूर्ण बंद. ऑक्स प्री-फेडर असू द्या, म्हणजे फेडर (हवेवर जाणारा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली असतानाही निवेदकाला फोनवरच्या माणसाशी हवेबाहेर दोन शब्द बोलता येतात. टेलिफोन हायब्रिड (फोनची लाइन मिक्सरला जोडणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर चार पट्ट्यांच्या ३.५ मिमी पिनच्या अडॅप्टरने मोबाइल जोडा. ब्लूटूथ टाळा, त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर चढतात.

सिम दोन ठेवा. एका नंबरवर फोन येतील. दुसऱ्यावरून आपण उलट फोन करून माणसाला हवेवर घ्यायचं. त्याचे पैसे वाचतात आणि नंबर खरा आहे हेही कळतं. दुसऱ्या सिमवर कॉल वेटिंग बंद करा, नाहीतर मधला बीप थेट हवेवर जातो. मोबाइल मिक्सरपासून आणि माइकच्या केबलपासून हातभर लांब ठेवा. टूजीवर असलेला फोन स्पीकरमध्ये टर्र-टर्र असा आवाज उमटवतो.

माइक तोंडापासून वीतभरापेक्षा थोडा जवळ आणि जरा तिरका असावा. समोर धरला तर प, फ, भ ही अक्षरं धडकतात. निवेदकाची पातळी मीटरवर -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये खेळू द्या. साध्या फोन कॉलचा आवाज मुळातच ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये अडकलेला असतो. त्याला बास देऊन गोड करायला जाल तर फक्त घुमेल, म्हणून तिथे खालचा भाग कापा आणि आवाज निवेदकाच्या बरोबरीला आणा.

शिवीगाळ किंवा बदनामी अडवण्यासाठी सात सेकंदांचा डिले वापरतात, म्हणजे आवाज तेवढा उशिरा हवेवर जातो आणि नको ते डंपच्या बटणाने कापता येतं. एकदा डंपचं बटण दाबलं की तो डिले संपतो आणि परत भरायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर लगेच दुसरा फोन घेऊ नका, वीस-तीस सेकंदांची धून लावा. डिलेचं यंत्र नसेल तर फोन गाण्याच्या वेळात रेकॉर्ड करा, तपासा आणि दहा मिनिटांनी वाजवा. नव्या गटाने पहिले तीन महिने हाच मार्ग धरावा. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही आणि निवेदकाची छाती धडधडत नाही.

फोन उचलणाऱ्याचा कागद

हवेवर जाण्याआधी दोन मिनिटांत हे लिहून घ्या: नाव, भाग, रस्ता आणि जवळची खूण, अडचण कधीपासून, तक्रार कुठे दिली, तक्रार क्रमांक, आता नेमकं काय हवंय. शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर नसलेला फोन हवेवर भरकटतो. त्याच वेळी दोन सूचना द्या: घरातला रेडिओ बंद करा, आणि फोन स्पीकरवर ठेवू नका. रेडिओ चालू राहिला तर डिलेमुळे त्याला स्वतःचंच वाक्य सात सेकंदांनी ऐकू येतं आणि तो गप्प होतो.

घर नंबर, सोसायटीचं पूर्ण नाव आणि फोन नंबर कागदावरच राहू द्या. हवेवर "वाडीतून बोलणाऱ्या काकू" एवढं पुरे. एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत तर यात अजिबात ढिलाई नको. गुन्ह्यात सापडलेल्या किंवा पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही, शाळेचं नावसुद्धा, बाहेर जाऊ देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे.

वडीलधाऱ्यांना काका, मावशी, बरोबरीच्यांना दादा, ताई. गुजराती बोलणारा असेल तर भाई, बेन. बडोद्याचा मराठी माणूस रागावला की गुजरातीत शिरतो. त्याला अडवू नका, बोलणं संपल्यावर एका वाक्यात मराठीत सार सांगा. शब्दही इथलेच वापरा. पालिकेचा कर म्हणजे वेरा. 'मालमत्ता कर' म्हटलं तर आजींना आधी अर्थ लावत बसावं लागतं.

वेळेचा हिशेब कागदावर करा. सुरुवात २ मिनिटं, सूचना ८, पाहुणा १०, दोन गाणी ८, जाहिराती जास्तीत जास्त १२ (२०२४ पासून तासाला तेवढीच मुभा आहे). उरली २० मिनिटं, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे सहा फोन. दहा घ्यायला जाल तर एकाचंही नीट ऐकलं जाणार नाही.

विश्वामित्री नदी चढते तेव्हा

पावसाळ्यात या कार्यक्रमाची खरी गरज पडते. वस्तीत पाणी शिरलं की त्या भागातली वीज बंद करतात, मोबाइलचं चार्जिंग संपतं आणि घरात बॅटरीवरचा छोटा रेडिओ तेवढा बोलत राहतो. म्हणून जूनच्या आधी ट्रान्समीटर आणि मिक्सर दोन्ही चालू ठेवून यूपीएस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. लोड न देता बघितलेली बॅटरी फसवते.

इथे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात. २११-२१२ फूट हे आजवा सरोवराच्या पातळीचं मोजमाप. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची पातळी वेगळी मोजतात, तिथे धोक्याची खूण २६ फुटांची. दोन्ही एका दमात वाचू नका. आधी ठिकाण, मग वेळ, मग आकडा, मग चढतंय की उतरतंय: "काळा घोडा पूल, दुपारी चार वाजता, बावीस फूट, पाणी चढतंय." हे दोनदा वाचा, मध्ये दोन सेकंद थांबा. वेळ न सांगितलेला आकडा तासाभराने अफवा होतो. पावागडाकडचा पाऊस आणि आजव्यातून सोडलेलं पाणी शहरात पोहोचायला काही तास लागतात. आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबला तरी वडसर, परशुराम भठ्ठा, मुजमहुडा, अकोटा, समा या भागांसाठी सूचना थांबवू नका.

आकडा फक्त प्रशासनाच्या नियंत्रण कक्षाकडून घ्या. "आजवा फुटला" असा फोन आला तर हवेवर घेऊ नका, आणि खोडून काढतानाही ते वाक्य उच्चारू नका, कारण अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानात तेवढंच राहतं. सरळ ताजी पातळी वाचा. मगर दिसली असा फोन आला तर भाग आणि खूण घेऊन वनखात्याला कळवा. श्रोत्यांना सांगा की लांब राहा, दगड मारू नका, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

ठेव आणि पाठपुरावा

प्रसारण तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. १२८ केबीपीएस एमपी३ ला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, म्हणजे रोज एक तास धरून ९० दिवसांचे सव्वापाच जीबी. बारा तासांचं केंद्र असेल तर ६२ जीबीच्या आसपास. दोन ठिकाणी ठेवा. फाइलचं नाव तारखेनेच सुरू करा, नाहीतर तक्रार आली की शोधण्यात रात्र जाते.

पाठपुराव्याची वही वेगळी. प्रत्येक फोनची एक ओळ: तारीख, भाग, काम, कुणाला विचारलं, उत्तर कधी येणार. पहिली विचारणा दुसऱ्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला. आठवड्यात काही न आल्यास हवेवर तेवढंच सांगा: "अमुक तारखेला विचारलं, आजपर्यंत उत्तर आलेलं नाही." त्यात विशेषण घालू नका. मोठ्या कामासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातेत त्याची फी २० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. "रस्ता का झाला नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कामाचा आदेश, मंजूर रक्कम, पूर्णत्वाची तारीख, अशा कागदांच्या प्रती मागा.

आणि उत्तर आलं की ज्या दिवशी, ज्या वेळी तक्रार वाजली होती त्याच वेळी ते वाजवा, म्हणजे ज्यांनी तक्रार ऐकली त्यांनाच ते मिळतं. अधिकाऱ्याने "लाइन बदलली" असं सांगितलं तरी आधी वाडीतल्या त्या काकूंना फोन करून नळाचं पाणी कसं येतंय ते विचारा. त्यांनी हो म्हटलं तरच वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारा.