शोधपत्रकारितेला आधार देणारी संस्था : घटनेपासून पहिल्या पाठ्यवृत्तीपर्यंत

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराचे उत्पन्न बहुतेक वेळा मानधनावर नव्हे, तर जाहिरातींच्या कमिशनवर चालते आणि ज्या कंत्राटदाराचा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला, त्याच्याच नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याला आणावी लागते. शोधपत्रकारितेला पाठबळ देणारी नफारहित संस्था मुख्यतः ही गाठ सोडवण्यासाठी हवी असते. पुरस्कार वाटणाऱ्या संस्था महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. बातमी छापून येण्यापूर्वीचा खर्च उचलणाऱ्या आणि छापून आल्यानंतर वकील देणाऱ्या संस्थांची मात्र चणचण आहे. अशी संस्था उभारू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम स्वरूप ठरवावे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील नफारहित कंपनी, सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) आणि संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील संस्था असे तीन मार्ग उपलब्ध आहेत. पत्रकारांची संघटना म्हणून काम करायचे असेल, तर तिसरा मार्ग स्वाभाविक ठरतो. त्यासाठी किमान सात संस्थापक सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. या मार्गाचा धोका एकच आहे: सभासद भरून बहुमत फिरवता येते. पत्रकार संघांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच संस्थेची घटना लिहिताना छापील नमुना उतरवून काढू नये. राजकीय पक्षाचा पदाधिकारी, शासकीय कंत्राटे घेणारी व्यक्ती आणि जाहिरात संस्थेचा चालक सभासद होऊ शकणार नाही, तसेच नव्या सभासदाला प्रवेशानंतर किमान एक वर्ष मतदानाचा अधिकार राहणार नाही, अशी कलमे सुरुवातीलाच घालावीत, कारण वाद पेटल्यानंतर ती घालायला गेल्यास ती कोणाला तरी डावलण्यासाठी आणली असा आक्षेप येतो. उद्देश लिहितानाही शब्द जपून वापरावेत. १९५० च्या अधिनियमाच्या कलम ९ मधील धर्मादाय प्रयोजनांच्या व्याख्येत शिक्षणाचा आणि सर्वसामान्य लोकोपयोगी उद्दिष्टांचा समावेश आहे. पत्रकारांचे प्रशिक्षण, सार्वजनिक महत्त्वाच्या विषयांवरील संशोधनास साहाय्य आणि कायदेविषयक मदत हे उद्देश त्यात बसतात. संस्थेच्या नावात ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ असे शब्द घेण्याचा मोह आवरावा. अशी नावे मिरवून पैसे उकळण्याचे प्रकार घडल्यामुळे २०१८ मध्ये धर्मादाय आयुक्तालयाने असे शब्द नावातून काढण्याबाबत परिपत्रक काढले होते आणि केवळ नावापायी पहिल्याच दिवशी संशय ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

नोंदणीनंतर खरे काम दप्तराचे असते. कार्यकारिणीत किंवा पत्त्यात बदल झाल्यास १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो आणि हिशेबांचे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. कित्येक संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही, परंतु इतरांचे हिशेब उघडे पाडणाऱ्या संस्थेला ही सवलत मिळत नाही. एखाद्या लेखामुळे दुखावलेली व्यक्ती वकिलामार्फत सर्वप्रथम परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढते आणि त्यावर मयत विश्वस्ताचे नाव दिसले, की चर्चा लेखाची राहत नाही, संस्थेच्या कारभाराची होते. इतिवृत्ताची वही, ठराव आणि पावती पुस्तके अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका मानधनावरील व्यक्तीकडे सोपवावी. ती ‘सगळ्यांची’ ठेवली, तर कोणाचीच राहत नाही.

निधीच्या बाबतीत आयकर खात्याकडील दोन नोंदी आवश्यक आहेत. सनदी लेखापाल त्यांना जुन्या कलमांवरून ‘१२ए’ आणि ‘८०जी’ असे म्हणतात. पहिली नोंद संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरील करमाफीसाठी असते. दुसऱ्या नोंदीमुळे देणगीदाराला करसवलत मिळते, मात्र दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, त्यामुळे बँकेमार्फतच देणग्या घेण्याचा नियम करावा. परकीय निधीबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते. परकीय अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांना परकीय अभिदाय, म्हणजे परकीय स्रोताकडून आलेली देणगी, स्वीकारता येत नाही. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला असा निधी दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा, की पत्रकारांना पाठ्यवृत्ती, म्हणजे एखाद्या विषयाच्या शोधासाठी ठरावीक काळ अर्थसाहाय्य, देणाऱ्या संस्थेने परदेशी पैशाचा विचारच सोडून द्यावा. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील मराठी मंडळी आपुलकीने मदत देऊ करतात, तेव्हा त्यांचे नागरिकत्व विचारणे संकोचाचे वाटते, तरीही विचारावेच. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय अभिदाय ठरत नाही, परंतु परकीय नागरिकत्व घेतलेल्याची रक्कम, त्याच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परकीय नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, परकीय ठरते.

देणगीदारांची नावे आणि रकमा दरवर्षी जाहीर कराव्यात आणि कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा किती असावा याची मर्यादा नियमावलीत लिहावी. माझ्या मते ती एकूण निधीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. सुरुवातीला यामुळे पैसा कमी जमतो, हे मान्य करूनच तसे म्हणतो.

पाठ्यवृत्तीसाठी निवड समिती कार्यकारिणीपासून वेगळी असावी. विषय मंजूर झाल्यावर त्यातील मजकुरावर संस्थेचा अधिकार राहणार नाही, लेख कोणत्याही देणगीदाराला आधी दाखवला जाणार नाही आणि विषय निष्फळ ठरल्यास खर्च परत मागितला जाणार नाही, या तीन अटी करारपत्रात असाव्यात. तिसरी अट विशेष महत्त्वाची आहे, कारण पैसे परत करण्याच्या भीतीने पत्रकार अर्धवट पुराव्यावर लेख पुढे रेटतो. खर्चात प्रवास, छायाप्रती, सातबारा व फेरफारांच्या नकला आणि माहिती अधिकाराचे अर्ज धरावेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा अधिकार नागरिकाला देतो, म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने न करता व्यक्तीच्या नावाने करावा. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, परंतु नकार आल्यास पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील एवढा पल्ला गृहीत धरूनच पाठ्यवृत्तीचा कालावधी ठरवावा. तीन महिन्यांची पाठ्यवृत्ती देऊन कागदपत्रांवर आधारित लेखाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

संरक्षणाची व्यवस्था लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी करावी. पवईत ११ जून २०११ रोजी पत्रकार ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. राजापूरजवळ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पत्रकार शशिकांत वारिशे यांना मोटारीने धडक दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. या दोन घटनांच्या दरम्यान, २०१७ मध्ये, विधिमंडळाने प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. त्यानुसार असा हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. मात्र कायद्यातील व्याख्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्या व्यक्तीभोवती बेतलेली असल्यामुळे मुक्त पत्रकाराला पोलीस ठाण्यात ‘तुम्ही कोणाचे?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. त्यासाठी पाठ्यवृत्ती देतानाच संबंधित वृत्तपत्राकडून लेखी कामाचे पत्र घ्यावे आणि त्याची प्रत संस्थेत ठेवावी.

हल्ल्याइतकीच बदनामीची फिर्याद त्रासदायक असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची शिक्षा होऊ शकते आणि शिक्षा झाली नाही, तरी दूरच्या न्यायालयातील तारखांचा प्रवासखर्चच पत्रकाराला नमवतो. म्हणून वर्षाच्या निधीपैकी ठरावीक भाग कायदेविषयक मदतीसाठी राखून ठेवावा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका फौजदारी वकिलाशी आगाऊ लेखी करार करावा. त्या वकिलाकडे लेखाची प्रत, प्रत्येक विधानामागील कागद आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला प्रसिद्धीपूर्वी पाठवलेली प्रश्नावली पोहोचपावतीसह जमा झाल्याखेरीज पाठ्यवृत्तीचा शेवटचा हप्ता देऊ नये.